मॅन्युअल फिल्म कॅमेऱ्याची फोकसिंग स्क्रीन कशी निवडायची? इंदूरकरांचे नेहमीचे प्रश्न

कपाटातून आजोबांचा किंवा काकांचा निकॉन, ओलिंपस, पेंटॅक्स काढून पुन्हा रोल भरणाऱ्यांचा पहिला प्रश्न लेन्सचा असतो आणि दुसरा फिल्मचा. तिसऱ्या-चौथ्या रोलनंतर निगेटिव्हवर डोळ्यांऐवजी कानाची पाळी शार्प आलेली दिसते, तेव्हा कुठे स्क्रीनचा विषय निघतो. आधी आपला डोळा तपासायचा, मग लेन्स बघायची आणि स्क्रीन त्यानंतर निवडायची, असं माझं ठाम मत आहे. खालची उत्तरं त्याच धोरणाने लिहिली आहेत.

फोकसिंग स्क्रीन म्हणजे नेमकं काय?

एसएलआर, म्हणजे लेन्समधूनच आरशामार्गे बघायच्या कॅमेऱ्यात, लेन्समधून आलेला प्रकाश ४५ अंशांत बसवलेल्या आरशावर आपटून वर जातो आणि एका दुधी पृष्ठभागावर त्याचं चित्र उमटतं. तो पृष्ठभाग म्हणजे स्क्रीन. तिच्यावरचं पेंटाप्रिझम ते चित्र सुलटं करून डोळ्यापर्यंत पोचवतं. म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये आपण बाहेरचं दृश्य थेट पाहत नसतो, स्क्रीनवर पडलेलं चित्र पाहत असतो.

लेन्सपासून फिल्मपर्यंतचं अंतर आणि लेन्सपासून आरशामार्गे स्क्रीनपर्यंतचं अंतर तंतोतंत सारखं असावं लागतं. निकॉनच्या एफ माउंटमध्ये (लेन्स अडकवायच्या जागेत) माउंटच्या कडीपासून फिल्मपर्यंत ४६.५ मिमी अंतर असतं. स्क्रीनही प्रकाशाच्या वाटेने तेवढ्याच अंतरावर हवी. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड (ॲपर्चर) मोठं आणि फोकस नाजूक. एफ १.४ ला चालणारी चूक साधारण ०.०४ मिमी, म्हणजे मिलिमीटरचा पंचविसावा भाग. स्क्रीन कागदाच्या जाडीइतकी जरी वर-खाली बसली तरी फोकस हलतो, तो यामुळे.

दुधी काचेवर चित्र पाहून फोकस करायची पद्धत आपल्या शहराला जुनीच आहे. लाला दीनदयाळ १८६६ मध्ये इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला आले, कॅमेरा त्यांनी इथेच हातात घेतला आणि महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी त्यांना उत्तेजन दिलं. त्यांच्या मोठ्या प्लेट कॅमेऱ्यामागे दुधी काच होती. डोक्यावर काळं कापड घेऊन ते त्या काचेवरचं उलटं चित्र न्याहाळत. तुमच्या हातातल्या कॅमेऱ्यात तीच काच लहान होऊन आरशाच्या डोक्यावर बसली आहे.

माझ्या कॅमेऱ्याची स्क्रीन मला घरी बदलता येईल का?

मॉडेल पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. निकॉन एफई (१९७८), एफएम२ (१९८२), एफई२ आणि एफएम३ए यांच्या स्क्रीन, लेन्स काढल्यावर कॅमेऱ्याच्या पुढच्या उघड्या जागेतून, चिमट्याने बदलता येतात. त्याआधीच्या एफएमची (१९७७) मात्र पक्की बसवलेली असते. नावात दोनाच्या आकड्याचाच फरक असल्यामुळे इथे पुष्कळांची गफलत होते. ओलिंपस ओएम-१ आणि ओएम-२ मध्ये बदलता येते, पेंटॅक्स एमएक्स आणि एलएक्समध्येही येते. पेंटॅक्स के१०००, निकॉन एफएम१० आणि मूळ कॅनन एई-१ यांच्यात घरी बदलायची सोय नाही. एई-१ प्रोग्रॅममध्ये (१९८१) मात्र ती दिलेली आहे.

पक्क्या स्क्रीनचा कॅमेरा असेल तर हळहळू नका. के१००० वर शिकलेले कित्येक जण आयुष्यभर त्याच स्क्रीनवर उत्तम काम करत आले आहेत. अशा कॅमेऱ्यासाठी खाली चष्म्याचं आणि तपासणीचं उत्तर आहे. नव्या स्क्रीनपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

स्प्लिट इमेज, मायक्रोप्रिझम आणि साधी मॅट, यांत फरक काय?

स्प्लिट इमेज: स्क्रीनच्या मधोमध एक लहान वर्तुळ असतं आणि त्याचे दोन अर्ध. दोन्हींत पाचरीसारखी काच एकमेकांच्या उलट दिशेने तिरकी बसवलेली असते. फोकस चुकला की उभी रेषा मधेच तुटून दोन तुकडे सरकल्यासारखे दिसतात, जुळला की रेषा सलग होते. दोन रेषा जुळल्या की नाही, हे आपला डोळा फार बारकाईने ओळखतो. त्यामुळे नंबर थोडा इकडेतिकडे असलेल्या माणसालाही ही पद्धत साथ देते. रेषा नसेल तिथे मात्र ती हात टेकते. धुक्यात, गुळगुळीत गालावर किंवा रांगोळीच्या मऊ कडेवर जुळवायला काही सापडतच नाही.

वर्तुळ आडवं कापलेलं असेल तर उभ्या रेषा जुळवता येतात, आडव्या नाहीत. त्यासाठी कॅमेरा जरा तिरका धरून फोकस करायचा आणि परत सरळ करायचा. ओएमची १-१४ नंबरची स्क्रीन ४५ अंशांत कापलेली आहे, तिच्यावर उभ्या-आडव्या दोन्ही रेषा जुळतात. ओएमवाल्यांना ती मिळाली तर जरूर घ्यावी.

मायक्रोप्रिझम: सूक्ष्म पिरॅमिडांची जाळी. फोकस नसताना चित्र थरथरतं, चुरा झाल्यासारखं दिसतं, आणि फोकस आला की एकदम शांत होतं. कापडाचा पोत, केस, झाडाची साल, म्हणजे जिथे सरळ रेषा नाही पण तपशील भरपूर आहे, तिथे ही स्प्लिटपेक्षा वेगवान. निकॉनच्या के प्रकारात मधे स्प्लिट आणि भोवती मायक्रोप्रिझमचं कडं असतं. बहुतेक कंपन्यांनी कारखान्यातून असाच जोड बसवून दिला, कारण नवख्याला तो सगळीकडे चालतो.

साधी मॅट: सगळी स्क्रीन नुसती दुधी, मधे काहीच अडथळा नाही. चित्राच्या कुठल्याही भागावर, अगदी कोपऱ्यातल्या चेहऱ्यावरही फोकस करता येतो. स्प्लिटवाले सवयीने फोकस मधे करतात, मग कॅमेरा वळवून चौकट लावतात. जवळून आणि मोठ्या ॲपर्चरला तेवढ्या वळवण्याने फोकसचं प्रतल सरकतं आणि पापणीऐवजी भुवई शार्प येते. मॅटवर हा प्रश्न उद्भवत नाही. मात्र इथे डोळ्याचा नंबर नीट हवा आणि सराव हवा.

बहुतेक स्क्रीनवर गोल चऱ्यांची फ्रेनेल लेन्सही कोरलेली असते. ती फोकसला मदत करत नाही, कोपऱ्यांतला प्रकाश डोळ्याकडे वळवून चित्र सगळीकडे सारखं उजळ दाखवते. ऑगस्तँ फ्रेनेल यांनी १८२० च्या दशकात ती दीपगृहांसाठी तयार केली होती.

स्प्लिटचं अर्धं वर्तुळ काळं पडतं. स्क्रीन खराब झाली का?

नाही. पाचरीची काच लेन्सच्या ठरावीक भागातूनच प्रकाश उचलते. लेन्सचं तोंड लहान असेल, साधारण एफ ५.६ किंवा त्याहून मंद, तर त्या भागातून प्रकाश येतच नाही आणि एक अर्ध अंधारतं. डोळा किंचित वर-खाली केला की दुसरं अर्ध काळं होतं, त्यावरून ओळखावं. मंद झूम, मिरर लेन्स, बेलोज लावून घेतलेला क्लोज-अप, या सगळ्यांत हे होणारच. मायक्रोप्रिझमही अशा वेळी काळपट, दाणेदार दिसू लागतं. तेव्हा फोकस बाजूच्या मॅट भागावर करायचा. असं काम नेहमीचं असेल तर स्क्रीनच साधी मॅट घ्यावी.

सगळ्यात उजळ स्क्रीन ती सगळ्यात चांगली, बरोबर ना?

या समजुतीपायी लोक पैसे घालवतात, म्हणून इथे जरा थांबून सांगतो.

जुन्या स्क्रीनची दुधी काच खरखरीत असायची. ती प्रकाश सगळीकडे विखुरते, त्यामुळे डोळ्यापर्यंत कमी पोचतो आणि चित्र अंधुक दिसतं. पण त्याच विखुरण्यामुळे लेन्सच्या कडेकडून येणारे तिरपे किरणही चित्रात सामील होतात. फोकस चुकला की चित्र ठळकपणे पसरतं, आला की टचकन जागेवर येतं. पुढे कंपन्यांनी बारीक, आखीव पोताच्या स्क्रीन आणल्या. मिनोल्टाने १९७७ च्या एक्सडी मालिकेत ॲक्युट मॅट आणली, निकॉनने एफएम२ आणि एफई२ ला आधीपेक्षा उजळ स्क्रीन दिल्या. या कमी विखुरतात, म्हणून उजळ दिसतात. पण तिरपे किरण त्यांच्यावरून डोळ्याकडे वळतच नाहीत.

घरी करून बघा. एफएम२ ला ५० मिमी एफ १.४ लावा, डोळा व्ह्यूफाइंडरला ठेवा, ॲपर्चर २ वर, मग २.८ वर आणा आणि डेप्थ-ऑफ-फील्डची कळ (लावलेल्या आकड्याइतकं ॲपर्चर प्रत्यक्ष मिटवणारी) दाबून बघा. प्रकाश प्रत्यक्षात चौथाई झालेला असतो, पण चित्र त्या मानाने फारच थोडं काळवंडतं. मागची पुसट वस्तूही तेवढीच पुसट राहते. म्हणजे लेन्स १.४ ची असली तरी स्क्रीन तुम्हाला २.८ च्या आसपासचंच चित्र दाखवत होती. फिल्मवर मात्र १.४ उमटणार. व्ह्यूफाइंडरमध्ये नाक आणि डोळे दोन्ही शार्प दिसले आणि निगेटिव्हवर फक्त नाक आलं, तर त्याचं कारण इथे आहे.

त्यामुळे एफ १.२, १.४ वर पोर्ट्रेट काढणाऱ्याने कमालीची उजळ स्क्रीन शोधत बसू नये. थोडी अंधुक पण ठसठशीत मॅट किंवा चांगली स्प्लिट त्याच्या जास्त कामाची. उलट एफ ३.५ ते ५.६ च्या लेन्स वापरणाऱ्याला उजळ स्क्रीनचा फायदाच फायदा आहे. त्याचं काहीच हरवत नाही. बाहेरच्या कंपन्यांच्या जादा उजळ स्क्रीनच्या जाहिरातीत उजळपणाचा फायदा सांगतात, मोठ्या ॲपर्चरला होणारा तोटा सांगत नाहीत.

पन्नाशीनंतर फोकस चुकायला लागला. स्क्रीन बदलू का?

आधी नंबर बघा. कॅमेरा उजळ आकाशाकडे धरा, लेन्सचा फोकस मुद्दाम बिघडवा आणि स्क्रीनवरच्या वर्तुळाची कड किंवा मायक्रोप्रिझमचे दाणे पाहा. ते कडक दिसले तर डोळा ठीक. कड पुसट दिसत असेल तर जगातली कुठलीही मॅट स्क्रीन उपयोगाची नाही, कारण तुम्हाला स्क्रीनच शार्प दिसत नाही.

बहुतेक जुन्या एसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरचं चित्र साधारण एक मीटरवर असल्यासारखं दिसेल अशी रचना असते, म्हणजे उणे १ नंबर. चाळिशी लागलेल्या डोळ्याला नेमकं तेच अंतर जड जाऊ लागतं. एफएम२ सारख्या कॅमेऱ्याला आयपीसवर (व्ह्यूफाइंडरच्या डोळा लावायच्या काचेवर) नंबरची काच बसवता येते. निकॉनच्या काचेवर लिहिलेला आकडा हा काच आणि व्ह्यूफाइंडर मिळून होणारा नंबर असतो, त्यामुळे ० लिहिलेली काच प्रत्यक्षात अधिक १ ची भरते. चष्म्याच्या कागदावरचा आकडा वाचून परस्पर मागवू नका. ओळखीच्या चष्मेवाल्याकडे कॅमेरा घेऊन जा, चाचणीच्या सुट्या काचा आयपीसपुढे एकेक धरा आणि कुठलीने वर्तुळाची कड कडक होते ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे, कुणी नाही म्हणत नाही. सिलिंडरचा नंबर असेल तर तो अशा काचेने जात नाही, तेव्हा चष्मा लावूनच बघावं. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात मान हलली की नंबर बदलतो, म्हणून फोटोसाठी एकाच नंबरचा साधा चष्मा वेगळा करून घेतलेला बरा.

घरातल्या वडीलधाऱ्यांना कॅमेरा पुन्हा हातात द्यायचा असेल तर आधी हे करा. आता जमत नाही म्हणून कॅमेरा ठेवून दिलेल्या कितीतरी काका-मावश्यांना फक्त एका काचेची गरज असते.

रात्री सराफ्यात फोटो काढायचे आहेत. कुठली स्क्रीन?

सोन्या-चांदीची दुकानं बंद होऊन ओट्यांवर कढया चढतात तेव्हा तिथे उजेड भरपूर दिसतो, पण तो बल्बखाली. दोन पावलांवर काळोख. अशा ठिकाणी के प्रकारची, म्हणजे स्प्लिट आणि कडं असलेली स्क्रीन मला सर्वात भरवशाची वाटते. गराडू तळणाऱ्याच्या चेहऱ्यावर वाफ असते, मॅटवर त्या वाफेत डोळा फसतो. स्प्लिटची दुभाजक रेषा कढईच्या कानावर किंवा झाऱ्याच्या दांड्यावर आणा. चमकत्या धातूची कड काळोखातही तुटलेली किंवा जुळलेली स्वच्छ दिसते. माणूस त्याच अंतरावर असेल तर त्याचाही फोकस तिथेच आला. लेन्स मात्र एफ २ किंवा त्याहून वेगवान हवी, नाहीतर स्प्लिट रात्रीच्या उजेडात लवकर अंधारतं.

अनंत चतुर्दशीच्या झाँक्यांसाठीही (मिरवणुकीतल्या रोषणाईच्या देखाव्यांसाठीही) हेच. दिव्यांच्या माळा हे स्प्लिटचं आवडतं खाद्य. प्रत्येक दिवा एक ठिपका, आणि ठिपका तुटला की लगेच कळतो.

राजवाडा, छत्र्या (समाधीची स्मारकं), जुने वाडे काढतो. उभ्या रेषा कलतात.

तुम्हाला ग्रिडची स्क्रीन हवी. निकॉनमध्ये ई प्रकार (एफएम२, एफई२ साठी ई२), ओएममध्ये १-१०. मॅटवर उभ्या-आडव्या बारीक रेषा आखलेल्या असतात. राजवाड्यासमोर उभं राहून कॅमेरा वर केला की सातही मजले मागे झुकतात. खालच्या दगडी मजल्यांवर ते फारसं जाणवत नाही, पण वरच्या लाकडी मजल्यांचे खांब आत कललेले स्पष्ट दिसतात. ग्रिडशिवाय डोळा हे चालवून घेतो, ग्रिडवर चालवून घेत नाही. मग मागे सरकणं, समोरच्या एखाद्या गच्चीवर जाणं, किंवा खाली थोडी जमीन जास्त घेऊन कॅमेरा सरळ ठेवणं, हे आपोआप सुचतं. कृष्णपुरा छत्र्यांना पाण्याच्या बाजूने काढताना क्षितिज तिरकं जायचा धोका असतो, तिथेही आडवी रेषा कामी येते.

ग्रिडच्या स्क्रीनवर मधे स्प्लिट नसतं, फोकस मॅटवरच करायचा. इमारत पळून जात नाही, त्यामुळे हे अडत नाही. माझ्या मते सावकाश काम करणाऱ्या प्रत्येकाने ही स्क्रीन वर्षभर लावून बघावी.

महेश्वरला मागावर स्प्लिट जुळलं, तरी फोटो पुसट आला. असं का?

ताण्याचे धागे एकमेकांशेजारी सारख्या अंतरावर असतात. स्प्लिटच्या वरच्या अर्धात दिसणारा धागा खालच्या अर्धातल्या शेजारच्या धाग्याशी जुळला, तरी रेषा सलगच दिसते. डोळ्याला हा भलताच जोड कळत नाही. दगडी जाळी, कठड्याचे गज, बारीक रेघांची साडी, यांतही हेच होतं. वेगळी ओळखता येईल अशी एकच गोष्ट धरा. विणकराच्या बोटाची कड, धोट्याचं टोक, किनारीचा जिथे रंग बदलतो ती रेघ. किंवा सरळ मॅट भागावर या. सारख्या नक्षीपुढे मॅट कधी फसवत नाही, कारण तिथे चूक म्हणजे फक्त पुसटपणा.

सिरपूर तलावावर पक्षी काढायला लांब लेन्स लावतो.

साधी मॅट घ्या, दुसरा विचार नको. सिरपूर २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, हिवाळ्यात तिथे पुष्कळ जण लेन्स घेऊन येतात. ३०० मिमी एफ ४.५ वर स्प्लिट काठावर असतं, ५०० मिमी एफ ८ मिरर लेन्सवर ते हमखास काळं पडतं. उडत्या बगळ्याला चौकटीच्या मधोमध ठेवायची सक्तीही मॅटवर नसते.

आरशातलं प्रतिबिंब काढताना फोकस कशावर?

पानाच्या ठेल्यावरच्या आरशात दिसणारा माणूस आरशाच्या काचेवर नसतो. तुमच्यापासून आरसा आणि आरशापासून माणूस, या दोन्हींची बेरीज हे त्याचं अंतर. स्प्लिटने माणसाच्या कॉलरची कड जुळवा, स्क्रीन ती बेरीज स्वतःच करते. आरशाची चौकट पुसट होईल, ती हवी असेल तर ॲपर्चर लहान करा.

स्क्रीन बदलली तर मीटर चुकेल का?

मीटरचा सेल कुठे आहे त्यावर ठरतं. एफएम२ आणि ओएम-१ मध्ये सेल आयपीसच्या बाजूला, स्क्रीनच्या वर आहेत. ते स्क्रीनवरचा प्रकाश मोजतात. उजळ स्क्रीन लावली की मीटरला वाटतं बाहेरच उजेड जास्त आहे, आणि फिल्मला प्रकाश कमी मिळून निगेटिव्ह पातळ येते. जुन्या एफई मध्ये एफई२ ची स्क्रीन बसते, पण साधारण एक तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त एक्स्पोजर द्यावं लागतं. निकॉन एफ३ मध्ये सेल खाली, आरशामागे आहे. तिथे कुठलीही स्क्रीन लावा, मीटरला फरक पडत नाही. ओएम-२ ऑटोवर असताना फिल्मवरून परतणारा प्रकाश मोजतो, तिथेही काळजी नाही. कॅनन न्यू एफ-१ (१९८१) चा प्रकार सर्वात न्यारा: त्यात मीटरने चौकटीचा केवढा भाग मोजायचा हे स्क्रीनच ठरवते. तो वापरणाऱ्याने स्क्रीन घेताना मधलं चिन्ह बघून चालणार नाही, मीटरिंगचा प्रकारही बघायला हवा.

तपासायचं कसं? सावलीतली साधी भिंत, सारखा उजेड. जुन्या स्क्रीनवर रीडिंग घ्या, नवी लावून परत घ्या. फरक असेल तर आयएसओचा डायल तेवढा खाली आणा, ४०० च्या फिल्मला ३२० लावा. निगेटिव्ह फिल्म एवढं सांभाळून घेते, स्लाइड घेत नाही.

बदलताना काय काळजी घ्यावी?

पंखा बंद. खिडकी बंद, विशेषतः मे महिन्यात. टेबलावर धुतलेलं सुती कापड. लेन्स काढली की आरशाच्या वर, पुढच्या कडेला एक बारीक खटका दिसतो. चिमट्याच्या टोकाने तो ओढला की स्क्रीनची चौकट टपकन खाली येते. स्क्रीनला एका बाजूला छोटं कान असतं, चिमट्याने तेवढंच धरायचं. कान ज्या बाजूला होतं त्याच बाजूला नवीचं कान, आणि वर-खालची बाजू तीच. चौकट वर दाबली की हलका टक आवाज येतो. तो आला नाही तर स्क्रीन नीट बसलेली नाही, जोर न लावता परत काढून बघा.

आरशाला बोट लावू नका. घरच्या आरशात चकाकी काचेच्या मागे असते, इथे ती पुढे असते आणि एका पुसण्याने ओरखडते. चिमटा घसरला तर तो आरशावरच पडतो, म्हणून टोकाला पातळ टेप गुंडाळावी.

बसवल्यावर फोकस बरोबर आहे हे कसं कळणार?

लांबची टाकी किंवा टॉवर घ्या. स्प्लिट जुळेल तेव्हा लेन्स अनंताच्या खुणेवर टेकलेली असावी. ती आधीच जुळून पुढे सरकत असेल किंवा टेकूनही जुळत नसेल, तर शंका घ्या. सगळ्याच लेन्सवर तसं होत असेल तर दोष लेन्सचा नाही.

पक्की खात्री फिल्मच्या जागेवरच होते. रोल नसताना मागचं झाकण उघडा, शटर बी वर (कळ दाबलेली असेल तोवर उघडं राहणाऱ्या खुणेवर) ठेवून केबल रिलीजने उघडं अडकवा, लेन्स पूर्ण उघडी. आत रुळांच्या दोन जोड्या दिसतील, फिल्म टेकते ती आतली. त्यांवर दुधी काचेचा किंवा दुधी प्लास्टिकचा लहान सपाट तुकडा ठेवा, खरखरीत बाजू लेन्सकडे. समोर दोन-तीन मीटरवर बारीक छपाईचं कॅलेंडर टांगा. भिंगाने त्या तुकड्यावरची अक्षरं बघत फोकस लावा, मग लेन्सला हात न लावता शटर बंद करा आणि व्ह्यूफाइंडरमध्ये बघा. तिथेही अक्षरं शार्प असतील आणि स्प्लिट जुळलेलं असेल तर स्क्रीन जागेवर आहे. तुकडा ठेवताना शटरच्या पात्यांना धक्का लागू देऊ नका.

ओळखीतल्या एका मुलीचा ओएम-१ दुरुस्तीहून आला तो स्क्रीन उलटी बसवूनच. व्ह्यूफाइंडर स्वच्छ, चित्र सुंदर, आणि लग्नाचे सगळे फोटो थोडेथोडे पुढे फोकस झालेले. ही तपासणी त्या दिवशी झाली असती तर ते रोल वाचले असते. दुरुस्ती कुणाकडूनही करून घ्या, कॅमेरा घरी आला की पहिल्यांदा हे करा.

स्क्रीनवर धूळ आहे. फोटोत येईल का? साफ कशी करू?

फोटोत येत नाही. प्रकाश फिल्मवर जाताना स्क्रीन वाटेत नसते. म्हणून चार कण दिसत असतील तर सोडून द्या, साफ करण्यात होणारं नुकसान धुळीपेक्षा मोठं असतं. हाताने दाबायचा ब्लोअर पुरे.

कापडाने पुसू नका. बहुतेक स्क्रीन प्लास्टिकच्या असतात, चऱ्या नखानेही मोडतात. स्पिरिट, ॲसिटोन, कोलीन काही नको. बोटाचा ठसा असह्य झाला तर स्क्रीन काढून डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब टाकून बुडवा, हलवा, स्वच्छ डिस्टिल्ड पाण्यातून काढा आणि कडेवर उभी वाळवा. टिपायचीही नाही.

काळे, चिकट कण दिसले तर ती धूळ नव्हे, आरशाच्या धक्क्यासाठी लावलेला फोम आहे. वर्षांनी तो विरघळून डांबरासारखा होतो आणि प्रत्येक क्लिकला आरशाच्या कडेवरून स्क्रीनवर उडतो. आधी फोम बदला, मग स्क्रीनकडे बघा. रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंगांच्या मिरवणुकीत) कॅमेरा न्यायचा असेल तर स्क्रीन आणि लेन्स बदलायचा विषय तिथे काढूच नका. घरूनच एक लेन्स लावून निघा, आणि परत आल्यावर बाहेरून ब्रशने झाडल्याशिवाय लेन्स काढू नका. गुलाल आरशाच्या डबीत गेला की बाहेर काढणं जिकिरीचं असतं.

जुनी स्क्रीन कुठे मिळते आणि काय बघून घ्यावी?

मुंबईत फोर्टातला बोरा बाजार, दिल्लीत चांदणी चौकातला कूचा चौधरी, आणि ऑनलाइन. मॉडेलचं नाव पूर्ण सांगा. विक्रेत्याकडून उजेडाकडे तिरकी धरलेल्या स्क्रीनचा फोटो मागवा, सरळ फोटोत ओरखडे दिसत नाहीत. कान शाबूत हवं, डबी आणि चिमटा मूळचा असेल तर उत्तम. दुसऱ्या कॅमेऱ्याची स्क्रीन कापून बसवलेली असेल तर, कितीही स्वस्त असो, जाड-पातळपणाचा भरवसा नसतो.

झेनिट-ई आहे, आणि काकांचा याशिका मॅटही. त्यांचं काय?

बहुतेक झेनिट-ई मध्ये साधी दुधी काच असते, स्प्लिटही नाही आणि मायक्रोप्रिझमही नाही. चित्र अंधुक, पण ठसठशीत. हेलिओस ४४-२ लेन्सचं ॲपर्चर कडी फिरवून पूर्ण उघडा, फोकस करा, मग कडी परत फिरवा. उघडायचं विसरलात तर स्क्रीन काळीच दिसणार. त्याचं मीटर बाहेरच्या सेलेनियम सेलवर चालतं, त्याचा स्क्रीनशी संबंध नाही.

याशिका मॅट-१२४जी हा टीएलआर, म्हणजे वर बघायची आणि खाली फोटोची अशा दोन लेन्सचा कॅमेरा. त्याची बघायची लेन्स एफ २.८ आणि फोटोची ३.५, म्हणून वरच्या काचेवर फोकस ओळखणं सोपं जातं. त्याची स्क्रीन बदलायची तर मात्र दोन्ही लेन्सचा फोकस एकमेकांशी पुन्हा जुळवावा लागतो. ते काम टीएलआर उघडलेल्या कारागिराकडेच द्या, आणि तोवर मूळ स्क्रीन वापरा. वर दिलेलं छोटं भिंग उघडून कॅमेरा छातीवरून डोळ्याजवळ आणलात, तर तीच जुनी स्क्रीन पुरेशी स्पष्ट दिसते.